'भास', 'चकवा', 'फँटसी' : एका कथेवरच्या प्रतिक्रियांतले शब्द

मूळ प्रश्न

गेल्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर एक कथा वाचली गेली. कट्ट्यावरच्याच एका ताईंनी लिहिलेली, अजून कुठे छापून आलेली नाही. त्यांना विचारून इथे थोडक्यात सांगते.

रात्रीची मुक्कामी एसटी. रस्ता धरणाच्या कडेकडेनं जाणारा. एका फाट्यावर एक म्हातारी गाडीत चढते आणि 'जुन्या गावा'चं तिकीट मागते. ते गाव धरणात गेलेलं आहे, दरपत्रकात त्याचा टप्पाही उरलेला नाही. वाहक दोनदा समजावतो. म्हातारी पदराची गाठ सोडते, पैसे मोजते, हात पुढे करते. शेवटी तो तिकीट फाडून देतो. पुढच्या वळणावर ड्रायव्हर गाडी डावीकडे घेतो. जुना डांबरी रस्ता जिथे पाण्यात शिरतो तिथून गाडी खाली उतरते. मारुतीच्या पारापाशी थांबते. म्हातारी उतरते, वाहक डबल बेल मारतो. सकाळी गाडी मुक्कामाच्या गावी नेहमीच्या जागी उभी असते. टायर ओले, पुढच्या बंपरला शेवाळाची लड. कथा इथे संपते.

वाचन झाल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. मी ऐकता ऐकता वहीत शब्द लिहून घेतले. एक काका म्हणाले, 'वाहकाला भास झाला.' दुसरे म्हणाले, 'ड्रायव्हरला चकवा लागला.' कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, 'छान फँटसी आहे.' तिच्या मैत्रिणीनं 'जादुई वास्तववाद' म्हटलं, म्हणजे रोजच्या जगात अद्भुत सहज घडतं तसलं लिखाण. 'अद्भुतिका' हाही शब्द आला. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतोय. घरी येऊन वही उघडली तेव्हा मला तसं वाटेना. प्रत्येक शब्दाबरोबर कथेत काय घडलं तेच बदलत होतं.

'भास झाला' म्हटलं की निकाल लागतो. गाडी पाण्यात गेलीच नाही, म्हातारी चढलीच नाही, जे काही झालं ते वाहकाच्या डोक्यात. 'भास' हा मुळात 'भास्' या संस्कृत धातूचा, चमकणे-दिसणे या अर्थाचा. मराठीत येईपर्यंत त्यातलं तेज गेलं आणि 'नुसतं दिसणं' उरलं. 'आभास'मध्ये तर ते आणखी पातळ झालंय. आता 'आभासी चलन', 'आभासी वर्ग' म्हणतो तेव्हा हाताला न लागणारं एवढंच म्हणायचं असतं.

'चकवा लागला' म्हटलं की मात्र दार उघडं राहतं. मला इथे क्रियापद महत्त्वाचं वाटतं. भास 'होतो', चकवा 'लागतो'. आपल्या 'लागणे'ची करामत बघा. तहान लागते ती आतून. ऊन लागतं ते बाहेरून. दृष्ट लागते ती दुसऱ्याची. ठेच लागते ती दगडाची आणि आपल्या बेसावधपणाची, दोन्हींची मिळून. आणि प्रवासात आपण म्हणतो, 'पुढे एक गाव लागतं.' चकवा हा गावासारखाच वाटेत लागतो. तो आत आहे की बाहेर, हे सांगायची सक्ती 'लागणे' करत नाही.

तर प्रश्न असा. या कथेत जे घडतं त्याला तुमच्या बोलण्यात कोणता शब्द आहे? पुस्तकातला नको, घरातला सांगा.

सावंतवाडीहून

ताई, आमच्याकडे 'चकवो' म्हणतत. पण 'मी वाट चुकलंय' असा कोण म्हणणत नाय. 'माका चकव्यान रातभर फिरवल्यान' असाच म्हणतत. म्हणजे फिरवणारा तो. (पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.) माझे एक मामा दशावताराचं नाटक बघून पहाटे परतताना आपल्याच कुळाघरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तीन तास फिरत होते. मांगरापासून (बागेतल्या खोपीपासून) घर हाकेच्या अंतरावर. शेवटी खाली बसले, विडी पेटवली आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. चकव्यावर आमच्याकडे हाच उपाय सांगतात, चालायचं थांबवायचं.

पण तुमच्या कथेत चकवा बसत नाही असं माझं मत. चकव्यात माणूस पोचत नाही, गाडी तर पोचली. आमच्याकडचा म्हातारा ही कथा ऐकून 'राखणदार' म्हणेल. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावच्या सीमेवर राखणदार किंवा देवचार फिरतो असं मानतात, त्याला वहाणा, विडी ठेवतात. चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवतो. तुमच्या गाडीला कुणीतरी पोचवलंय.

नागपूरहून

मी अभियंता आहे म्हणून थोडी वेगळी माहिती. २००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि त्यांचा मार्ग उपग्रहावरून नोंदवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की ती गोल फिरू लागली, आधी चाललेल्या वाटेवरच परत आली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. सावंतवाडीच्या मामांना हेच झालं असणार. म्हणून 'चकवा' हा शब्द मी अंधश्रद्धेत ढकलत नाही. नेमक्या अनुभवाला नेमकं नाव आहे ते. पण एसटीला डांबरी रस्ता आहे, हेडलाइट आहेत. तिला चकवा कसा लागेल?

भंडाऱ्याहून

आमच्याकडे शब्द 'भूल'. जंगलात वाट सापडेनाशी झाली की 'भूल पडली'. माझी आजी सांगायची, रानात एक भुलनवेल असते, तिच्यावर पाय पडला की ओळखीची वाट अनोळखी होते. गंमत अशी की आता घरात 'भूल' म्हटलं की दवाखाना आठवतो, भूल देणारे डॉक्टर. पण दोन्हींत काहीतरी सारखं आहेच. भूल दिलेला माणूस तिथेच असतो, त्याच्यावर काहीतरी घडत असतं, फक्त तो त्याचा साक्षीदार नसतो. कथेतल्या इतर प्रवाशांचं काय झालं? गाडी पाण्यात गेली तेव्हा ते झोपले होते का? तसं असेल तर भूल त्यांना पडली, वाहक एकटा शुद्धीत होता.

मूळ प्रश्न विचारणारी

भंडाऱ्याच्या दादा, कथेत एक वाक्य आहे ते सांगायचं राहिलं. 'गाडीत सहा माणसं होती आणि सहाही जागी होती.' तुमच्या प्रश्नानंतर ते वाक्य मला पुन्हा वाचावं लागलं. लेखिकेनं ती पळवाट आधीच बंद केलीय.

'चकवा'बद्दल दोन गोष्टी. कट्ट्यावर एकानं 'चक्र'वरून चकवा आला असं सांगितलं होतं, माणूस गोल फिरतो म्हणून. कानाला गोड लागतं, पण शब्द 'चकवणे'चा आहे. चक्रवाक पक्ष्याला चकवा म्हणतात, तो चकवा वेगळा, तिथे 'चक्र' खरंच आहे. आणि वर्तमानपत्रात रोज दिसणारं 'पोलिसांना चकवा देऊन आरोपी पसार' बघा. चकवा 'दिला' की देणारा माणूस असतो, चलाख असतो. चकवा 'लागला' की देणारा दिसतच नाही. एकाच नामाला दोन क्रियापदं लावून आपण बातमी आणि गोष्ट वेगळी करतो.

बार्शीहून, निवृत्त वाहक

मी एसटीत बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच मुक्कामी गाड्यांवर. कथा मला मनापासून आवडली. पण 'भास' म्हणणाऱ्या काकांना एक सांगायचं आहे.

जुन्या काळी आमच्याकडे तिकिटांचा ट्रे असायचा. प्रत्येक दराची वेगळी गड्डी, प्रत्येक तिकिटावर छापील क्रमांक. तिकीट फाडायचं, पंच मारायचा, टप्पा आला की वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, गड्डीचे क्रमांक लिहायचे. टप्पा ६ किलोमीटरचा. रात्री मुक्कामाला झोपायच्या आधी पैसे मोजून क्रमांकाशी जुळवायचे. एक रुपया कमी आला तर खिशातून भरायचा, एक जास्त आला तरी जबाब द्यायचा. आता मला सांगा ताई, कथेत सकाळचा हिशेब दिलाय का?

मूळ प्रश्न विचारणारी

दिलाय काका. एक तिकीट फाटलेलं आणि पिशवीत तेवढेच पैसे.

बार्शीहून, निवृत्त वाहक

मग भास नाही. भास झालेला वाहक तिकीट फाडेल एकवेळ, पण मग पैसे कमी भरतील. इथे हिशेब जुळतोय. भासातले पैसे पिशवीत पडत नाहीत. वाहकाच्या दृष्टीनं ते खरं प्रवासी भाडं आहे. फक्त एकच चुकलंय, त्यानं पंच कुठल्या टप्प्यावर मारला? गावाचा टप्पाच नसेल तर तिकिटावर भोक कुठे पडलं, हे ताईंनी लिहायला हवं. आम्ही वाहक ते पहिलं बघू.

मिरजेहून

'भास' या शब्दाबद्दल एक विनंती. मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबांसाठी चालणाऱ्या एका आधारगटात मी काम करते. तिथे 'भास' आणि 'भ्रम' हे रोजचे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे ठेवावे लागतात. बाहेर कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतो, तो भास. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी न हलणारी खात्री बसते, तो भ्रम. छिन्नमनस्कतेत (स्किझोफ्रेनियात) दोन्ही असू शकतात. भास होणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते खरोखर ऐकू येतं, आणि बहुतेकांना त्याचा फार त्रास होतो.

कथेतल्या माणसाला आपण 'भास झाला' म्हणतो तेव्हा नकळत त्याला रुग्ण ठरवतो. आणि उलट, असल्या कथांमुळे भासाला एक गूढ, सुंदर रंग चढतो, तोही खरा नाही. दोन्हीकडून नुकसान. म्हणून कथेसाठी दुसरा कुठलाही शब्द घ्या, मला चालेल.

पुण्याहून, मराठीचे निवृत्त शिक्षक

थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

'जादुई वास्तववाद' हा शब्द आपण आयात केला आहे आणि आयात करताना वाटेत थोडा खरचटला आहे. १९२५ साली जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांनी तो चित्रांसाठी वापरला. पुढे तो लॅटिन अमेरिकेतल्या कथा-कादंबऱ्यांना चिकटला. पण क्यूबाचे लेखक अलेहो कार्पेंतिएर यांनी १९४९ साली जो शब्द मांडला, 'विस्मयकारक वास्तव' अशा अर्थाचा, तो याहून वेगळा होता. १९४३ साली ते हैतीला जाऊन आले होते. त्यांचं म्हणणं असं की आमच्या भूमीत वास्तवच विस्मयकारक आहे, त्यावर वरून जादू शिंपडावी लागत नाही. त्यांच्या शब्दात नाम आहे 'वास्तव', आणि विस्मय हे त्या वास्तवाचं विशेषण आहे. आपल्या 'जादुई'त मात्र जादूगार येतो, टोपीतला ससा येतो, हातचलाखी येते. मराठी वाचक 'जादुई' ऐकताच फसवलं जाण्याच्या तयारीत बसतो. या कथेत कुणी कुणाला फसवत नाही.

आपल्याकडे 'अद्भुत' आहे. (कृपया 'अद्भूत' लिहू नका, 'भु' ऱ्हस्व आहे. दिवाळी अंकांतसुद्धा ही चूक दिसते आणि जीव तुटतो.) 'नाट्यशास्त्रा'त भरतानं अद्भुत रसाचा स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, 'विस्मय' सांगितला आहे. भयानकाचा स्थायी भाव 'भय', तो वेगळा रस. हा फरक इथे उपयोगी आहे. म्हातारी चढली तेव्हा मला भीती वाटली असती तर ती भुताची गोष्ट झाली असती. मला विस्मय वाटला. नाट्यशास्त्र असंही सांगतं की नाटकाच्या शेवटच्या संधीत, म्हणजे कथानकाच्या शेवटच्या भागात, अद्भुत रस असावा. ओले टायर आणि शेवाळाची लड नेमकी शेवटी येतात, हे मला फार आवडलं.

'अद्भुतरम्य' मात्र घेऊ नका. तो शब्द आधीच खर्ची पडला आहे. १८६१ सालच्या हळब्यांच्या 'मुक्तामाले'पासूनच्या कादंबऱ्यांना आपण अद्भुतरम्य म्हणतो. त्यांत राजवाडे, कारस्थानं, योगायोग आहेत, एसटीचं वेबिल नाही. 'फँटसी'लाही अडचण आहे. बोलीत फँटसी म्हणजे मनोराज्य, जागेपणीचं स्वप्न. मुलगी 'छान फँटसी आहे' म्हणाली ते कौतुकानंच, पण त्यात कथा हलकी होते.

माझी सूचना: प्रकाराला नाव हवंच असेल तर 'अद्भुत वास्तव' म्हणा. आणि एक आठवण. श्रावणात आई कहाणी वाचायची. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की देव म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या रूपानं येई, जेवे, भांडे, आशीर्वाद देई, आणि 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' होई. देव खरंच आला का, असं आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही. तो जेवला की नाही, हे विचारायचो.

मूळ प्रश्न विचारणारी

सर, 'अद्भुत वास्तव' समीक्षेच्या लेखात शोभेल आणि मी तिथे तो आनंदानं वापरीन. कट्ट्यावरच्या काकूंच्या तोंडी तो बसायचा नाही. त्या काय म्हणाल्या ते मी वहीत शेवटच्या ओळीत लिहिलं होतं आणि वर द्यायला विसरले. त्या म्हणाल्या, 'ही गोष्ट खरी आहे.'

तेव्हा सगळे हसले होते. आता तुमचं कहाणीबद्दलचं वाचून मला त्यातला 'गोष्ट' शब्द दिसला. आपण 'आजी, गोष्ट सांग' म्हणतो तेव्हा गोष्ट म्हणजे कथा. 'खरी गोष्ट अशी आहे की' म्हणतो तेव्हा तोच शब्द घडलेल्यासाठी. 'किती गोष्टी आणायच्या बाजारातून' म्हणतो तेव्हा पिशवीत मावणाऱ्या वस्तू. कल्पित, घटना आणि वस्तू, तिन्हींना आपण एकच शब्द देऊन ठेवलाय. 'वास्तव' हा शब्दही शेवटी 'वस्तू'वरूनच आलाय. काकूंना कुठल्याच दोन टोकांची सांगड घालावी लागली नाही.

कथेच्या लेखिका

इतकं वाचून डोळे भरून आले. मी फार लिहीत नाही, पण शब्दांची चर्चा आहे म्हणून कच्च्या खर्ड्यातली एक गोष्ट सांगते.

पहिल्यांदा मी लिहिलं होतं, 'गाडी जणू पाण्यात उतरली.' चार दिवस ते वाक्य मला टोचत होतं. 'जणू' आला की गाडी रस्त्यावरच राहते आणि पाणी ही नुसती उपमा होते. वाचक सुखरूप, मी सुखरूप. मग 'जणू' काढला आणि 'म्हणे' घातला, 'गाडी म्हणे पाण्यात उतरली.' आता ते गावच्या पारावरचं ऐकीव बोलणं झालं. जबाबदारी गावावर, मी पुन्हा सुटले. शेवटी दोन्ही खोडले. 'गाडी पाण्यात उतरली.' तीन शब्द. ते लिहिताना हात थरथरत होता, कारण आता ते मीच म्हणत होते.

वाहक काकांनी टप्प्याचं विचारलं. ते मला सुचलंच नव्हतं. आता लिहिलंय: पंच मारायला तो टप्प्याचा आकडा शोधतो, सापडत नाही, आणि तिकिटाच्या कोऱ्या कडेला भोक पाडतो.

इंदापूरहून

आम्ही धरणग्रस्त. कथेत धरणाचं नाव नाही, तरी मला ते उजनीच वाटलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, आमचं गाव त्याच्या बुडीत क्षेत्रात गेलं. माझा जन्म नव्या गावठाणातला, जुनं गाव मी पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवच्या पळसनाथाचं देऊळ वर येतं, ते बघायला लांबून लोक येतात. आमच्या गावचं असं काही वर येत नाही, फक्त जोती आणि गाळ. त्या गाळावर लोक पिकं घेतात, त्याला गाळपेर म्हणतात.

उजनीच्या बातम्यांत दरवर्षी एक शब्द येतो, 'मृतसाठा'. धरणाच्या तळाचं पाणी, जे दारातून आपोआप बाहेर पडत नाही. उजनीत ते सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पातळी त्याखाली गेली की लोक म्हणतात 'धरण मायनसमध्ये गेलं'. आमचं गाव त्या मृतसाठ्यात आहे. लहानपणी हा शब्द पेपरात पहिल्यांदा वाचला तेव्हा मी आईला विचारलं होतं, आपलं गाव मेलंय का? तिनं पेपर घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाली, 'गाव कशानं मरतंय? पाण्याखाली हाय.'

तुम्ही सगळे नाम शोधताय. माझ्या घरात नाम नव्हतंच, क्रियापद होतं. आई कधी 'आमचं घर होतं' म्हणाली नाही. 'आमचं घर मारुतीच्या मागं हाय. अंगणात लिंब हाय. लिंबाखाली जातं हाय.' कुणी नवीन सून विचारायची, 'आत्या, कुठं हाय?' तर ती हातानं धरणाकडे दाखवायची, जसं शेजारच्या आळीकडे दाखवावं. शेवटी शेवटी ती आजारी असताना म्हणाली, 'मला एकदा घरी सोडून ये.' मी म्हणालो, 'आई, घरीच आहेस.' तर म्हणाली, 'हितं न्हवं.'

म्हणून त्या म्हातारीनं तिकीट मागितलं यात मला अद्भुत काही वाटलं नाही, चकवाही नाही. तिचं गाव आहे, ती तिथे चाललीय. ड्रायव्हरनं गाडी वळवली, हे मात्र मला अद्भुत वाटलं. आमच्यासाठी कुणी वळवली नव्हती.

मूळ प्रश्न विचारणारी

दादा, तुमचं लिहिणं कट्ट्यावर वाचून दाखवू का? तुमची परवानगी आली की येत्या रविवारी आधी ते वाचू, मग कथा पुन्हा.

कोयना, जायकवाडी, वारणा भागातलं कुणी वाचत असेल तर एवढंच लिहा: तुमच्या घरातली मोठी माणसं पाण्यातल्या गावाबद्दल बोलताना 'होतं' म्हणतात की 'आहे'?